काम राहील, नोकरीचे काय?

‘कॉम्प्युटर शिकून घे, म्हणजे पोटापाण्याची चिंता राहणार नाही,’ हे वाक्य आमच्या जिल्ह्यातील माझ्या वयाच्या प्रत्येक मुलामुलीने निदान शंभर वेळा ऐकलेले असते. दहावीचा निकाल लागतो न लागतो तोच शेजारचे काका, मामा, शाळेतले गुरुजी, इतकेच काय, किराणा दुकानदारसुद्धा हा सल्ला विनामूल्य देतात. मीही तो ऐकला आणि मानला. एम.एस.-सी.आय.टी. झाले, मग हार्डवेअरचा सहा महिन्यांचा वर्ग केला आणि गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर गोंदियात जयस्तंभ चौकापासून जवळच असलेल्या एका संगणक-दुरुस्तीच्या दुकानात काम करते आहे. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात सरकारी दाखल्यांचे सेवा केंद्र चालते. सकाळी आमगावहून गाडीने येणारी कला शाखेची विद्यार्थिनी आणि दुपारनंतर ‘कॉम्प्युटरवाली’, असे माझे दुहेरी जीवन आहे. दुकानात नवे गिऱ्हाईक आले की ते हमखास विचारते, ‘‘बाई, दुरुस्ती करणारे भाऊ कधी येतील?’’ मी सांगते, ‘‘ते भाऊ मीच.’’

अलीकडे मात्र त्या जुन्या सल्ल्याचा सूर बदलला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅट-जीपीटी’ लोकांसमोर आले आणि बघता बघता ते मराठीतही उत्तरे देऊ लागले. आता तेच काका म्हणतात, ‘‘यापुढे कॉम्प्युटरच कॉम्प्युटर दुरुस्त करणार म्हणे! तू कशाला हात काळे करून घेतेस? त्यापेक्षा बी.एड.चे बघ.’’ अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ‘यंत्र आणि रोजगार’ हा विषय चर्चेला घेतला, तेव्हा वर्गात सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, सगळ्या नोकऱ्या जाणार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, जुन्या गेल्या तरी तितक्याच नव्या येणार, भिण्याचे कारण नाही. मी त्या दिवशी गप्पच बसले. आमच्या दुकानात मला रोज जे दिसते ते या दोन्ही बाजूंत नीटसे बसत नव्हते. ते येथे जरा सविस्तर लिहावे म्हणते.

प्रथम हे काम काय असते ते सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांचा असा समज असतो की आम्ही कळफलकावर काहीतरी जादू करतो. खरे पाहता आमचा निम्मा वेळ धुळीशी झुंजण्यात जातो. गोंदिया हे तांदळाच्या गिरण्यांचे गाव. गिरणीच्या ऑफिसातला सीपीयू उघडला की आत कोंड्याचा आणि तुसाचा बोटभर थर निघतो. पंखा अडतो, यंत्र तापते आणि आपोआप बंद पडते. गिऱ्हाईक म्हणते, ‘‘व्हायरस आला जी.’’ आम्ही डबा अंगणात नेऊन ब्लोअरने फुंकून काढतो, की ‘व्हायरस’ उडून जातो. मृगाच्या पहिल्या विजा कडाडल्या की दुसऱ्या दिवशी जळालेल्या मोडेमांची रांग लागते. एसएमपीएसमध्ये मेलेली पाल सापडणे ही तर नित्याची गोष्ट. रॅमच्या पट्टीचे पितळी रंगाचे दात शाळेतल्या खोडरबराने घासले की बंद पडलेला संगणक जिवंत होतो, हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसूच आले होते. मदरबोर्डवरची रुपयाएवढी बॅटरी संपली की तारीख मागे जाते, आणि तारीख मागे गेली की बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही. बिचारा दुकानदार बँकेला शिव्या देत असतो आणि दोष असतो त्या बॅटरीचा.

या कामाची दुसरी बाजू म्हणजे जिला शहरात ‘टेक सपोर्ट’ म्हणतात ती. प्रिंटर जोडून देणे, पासवर्ड विसरला तर नवा करून देणे, विंडोज नव्याने टाकणे, कृतिदेवमध्ये टाइप केलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचे चिनीसारखे का दिसते ते समजावून युनिकोडमध्ये करून देणे. आता जी यंत्रे या व्यवसायावर चालून आली आहेत म्हणतात, ती धुळीवर अद्याप चालून आलेली नाहीत. ती आली आहेत या दुसऱ्या बाजूवर.

माझा एक मावसभाऊ पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या मदतकक्षात आहे. तेथे कामाच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरची मुले फोन घेतात, तक्रारीला क्रमांक देतात आणि ठरलेल्या यादीप्रमाणे उपाय सांगतात: बंद करून चालू करा, तार नीट बसवा, पासवर्ड बदला. न सुटलेले दुसऱ्या पायरीकडे जाते, त्याहून अवघड तिसरीकडे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा सांगत होता की त्यांच्या पहिल्या पायरीवर आता बहुतेक यंत्रच बसले आहे. लोक लिहितात, यंत्र उत्तर देते. पासवर्ड तर माणसाच्या हाती जातच नाही. मी विचारले, ‘‘पण यंत्राला हे शिकवले कोणी?’’ तो म्हणाला, ‘‘आम्हीच. चार वर्षे प्रत्येक तक्रार मिटवल्यावर ती कशी मिटवली ते चार ओळींत लिहायचा नियम होता. त्या लाखो चार ओळी त्याला वाचायला दिल्या.’’ त्याची नोकरी शाबूत आहे, तो दुसऱ्या पायरीवर आहे. पण त्याच्यानंतर पहिल्या पायरीवर नवी मुले घेतलेली नाहीत.

संगणक आणि नोकरी यांचे भांडण आजचे नाही. किंबहुना ते आमच्या आजोबांच्या पिढीपासून चालत आले आहे. साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसवू न देण्यासाठी दीर्घ आंदोलन केले होते. हा प्रश्न इतका पेटला की केंद्र सरकारने ‘ऑटोमेशन’वर एक समितीच नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातील दारिद्र्याचे जे विवेचन १९७१ मध्ये केले, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच. या समितीचा अहवाल १९७२ चा. पुढे १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचे व्यवस्थापन यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला आणि बँकांची दारे संगणकाला हळूहळू उघडली. बँका बंद पडल्या नाहीत. जाड खातेवह्यांत टाक फिरवणारा कारकून मात्र कायमचा गेला. गंमत अशी, की ज्या यंत्राला एका पिढीने दारात अडवले, त्याच यंत्राच्या आजारपणावर आमच्या पिढीची उपजीविका उभी राहिली. तेव्हा आजचे यंत्र उद्या कोणाला पोसणार नाहीच, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आमच्या दुकानाचे मालक याच मताचे आहेत. ते मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. कोर्टाबाहेरचे अर्जनवीस आणि टायपिंग इन्स्टिट्यूट हे त्यांचे गिऱ्हाईक. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि २००९ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबवले. या दोन सालांमध्ये मालकांच्या वडिलांचे आणि त्यांचे स्वतःचे मिळून दोन माणसांचे आयुष्य पार पडले. ते म्हणतात, ‘‘मशीन बदलते, गिऱ्हाईक बदलत नाही. वकीलसाहेब आधी रिबन घेऊन यायचे, आता कार्ट्रिज घेऊन येतात.’’ त्यांचे म्हणणे मला पटते, पण पुरते नाही. टाइपरायटर जायला वीस-पंचवीस वर्षे लागली. तेवढ्या अवधीत त्यांना संगणक शिकता आला, मुलांची शिक्षणेही झाली. एवढी सवलत आम्हाला मिळेल काय?

याचे उत्तर शोधताना मला पुस्तकांपेक्षा आमच्या घरचेच उदाहरण आठवते. माझी आई लग्न झाल्यापासून एका राइस मिलमध्ये तांदूळ निवडायला जात असे. पंचवीस-तीस बायका सुपे घेऊन ओळीने बसत. डागी दाणा, काळा दाणा, न सोललेला धान, खडा, सगळे बोटांनी वेचायचे. आईची बोटे इतकी चालत की आमच्याशी बोलताना तिला खाली बघावे लागत नसे. मग मिलमध्ये सॉर्टेक्स आले. त्यात तांदळाची धार कॅमेऱ्यासमोरून पडते, आणि वेगळ्या रंगाचा दाणा दिसताच हवेचा एक बारीक फवारा त्याला बाजूला उडवतो. पंचवीस बायका दिवसभरात जे करीत ते यंत्र जेवणाच्या सुट्टीआधी करून मोकळे होते. पण पहिल्या पंधरवड्यात ते चांगलाही दाणा फेकत होते. तेव्हा ऑपरेटर आईला आणि तिच्या दोघी मैत्रिणींना बोलावून फेकलेला ढीग दाखवी. ‘‘यातला कोणता चालते मावशी?’’ आई निवडून दाखवी, तो यंत्राचा काटा तसा जुळवी. पंधरा दिवसांत यंत्र आईसारखे निवडू लागले.

आईला कोणी काढून टाकले नाही. पुढच्या हंगामात बोलावणे आले नाही, इतकेच. मावसभावाच्या ‘चार ओळी’ ऐकल्यावर मला आधी आईची ती तीन बोटे आठवली. शिकवणी घेणाऱ्याला शिकवणीची फी मिळते. या दोघांना ती मिळाली नाही, कारण आपण शिकवत आहोत हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. हे मी रागाने लिहीत नाही. तांदूळ स्वच्छ निघतो हे खरे आहे, आणि दिवसभर मान मोडून बसण्याचे आईचे दुखणे कमी झाले हेही खरेच. पण वर्गातले ‘नव्या नोकऱ्या येतात’ म्हणणारे मित्र त्या सॉर्टेक्सच्या ऑपरेटरकडे बोट दाखवतील, तेव्हा मी त्यांना एवढेच विचारीन, की पंचवीस सुपांच्या जागी खुर्च्या किती आल्या?

आता दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे सेवा केंद्राकडे वळते. संगणकाचा ‘सपोर्ट’ या शब्दाचा आमच्या जिल्ह्यातला खरा अर्थ मला तेथे समजला. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तेव्हा सात-बारा तलाठ्याच्या दप्तरात होता, आणि धान विकायला संगणक लागेल असे कोणी सांगितले असते तर लोक हसले असते. आज डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या पंधरा रुपयांत निघतो. आधारभूत किमतीने धान विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी. पीएम-किसानचे हप्ते हवेत तर ई-केवायसी. शेतकरी ओळख क्रमांक वेगळा. रेशनची ओळख-पडताळणी वेगळी. कागदावर पाहिले तर यातले प्रत्येक काम माणसाने स्वतः, आपल्या फोनवर, कोणाच्याही मदतीवाचून करायचे आहे. प्रत्यक्षात सालेकशाच्या, देवरीच्या गावांतून लोक भाड्याचे पैसे खर्चून येतात आणि आमच्या बाकावर बसतात.

यातली काही कामे जन्मली आणि संपलीही. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या हयातीच्या दाखल्याचे पाहा. पूर्वी दर नोव्हेंबरला म्हातारी माणसे बँकेत जिवंत असल्याचे दाखवायला जात. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आले आणि अंगठा घ्यायचे यंत्र ठेवणाऱ्या केंद्रांना काम मिळाले. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, आणि आता नातू अंगणातच आजोबांचा चेहरा फोनसमोर धरतो. आमचे ते काम साताठ वर्षांत आले आणि गेले. आजोबांची बस चुकली नाही, कंबर दुखली नाही. म्हणून मला त्याचे वाईट वाटत नाही. तसेच पीक विम्याचे. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला तेव्हा अर्जामागे केंद्राला चाळीस रुपये विमा कंपनीकडून मिळत. रात्री अकरापर्यंत दिवे जळत होते. २०२५ मध्ये ती योजना बदलली आणि दिवे लवकर मालवू लागले. आमच्या पोटाची दोरी अशी कधी यंत्राच्या, तर कधी शासन निर्णयाच्या हाती असते.

पण काही कामे अशी आहेत की त्यांच्यापुढे यंत्र उभे राहिले की ते मुके होते. आयुष्यभर विड्या वळलेल्या, रोवणीच्या चिखलात राबलेल्या बायकांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र तीनदा, चारदा अंगठा मागते आणि नाकारते. एक आजी मला म्हणाल्या होत्या, ‘‘बाई, मी मीच आहो म्हणून याले सांग ना!’’ त्यांना चेहऱ्याच्या सोयीने पुढे वाट मिळाली. तेवढे श्रेय यंत्राला दिलेच पाहिजे. २०२५ च्या पावसाळ्यानंतर महिलांच्या एका योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचे झाले. त्यात आपला आधार क्रमांक टाकला की पुढच्या चौकटीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या फोनवर आलेला आकडा भरायचा. गोरेगाव तालुक्यातली एक बाई समोर बसली होती. म्हणाली, ‘‘नवरा तं मेला जी, पाच वर्सं झाली. बापही नाही रायला. आता कोनाचा नंबर देऊ?’’ चौकट रिकामी ठेवली तर पुढचे पान उघडत नव्हते. राज्यभर अशा हजारो बाया निघाल्या, ओरड झाली, आणि अखेर मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा अशी वाट काढण्यात आली. म्हणजे पुन्हा माणसाकडेच.

त्या दिवशी मी त्या बाईसाठी संगणकावर काहीच करू शकले नाही. मी तिला ग्रामपंचायतीतून कोणता दाखला आणायचा ते सांगितले, तारीख वाढण्याचा संभव आहे असे सांगितले, आणि पाटीवर नाव लिहून घेतले. पुढची सोय झाल्यावर तिच्या गावच्या मुलीकरवी निरोप धाडला. याला संगणकाचे काम म्हणायचे की नाही? कोणत्याही यंत्राला हे जमणार नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ हा शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे देणारा यांत्रिक सहायक सुरू झाला आहे, आणि हप्ता जमा झाला की नाही ते तो आमच्यापेक्षा लवकर सांगतो. पण समोरची बाई विचारते त्यापेक्षा तिला वेगळेच हवे असते, हे कळायला तिच्या हातातल्या पिशवीतले कागद बघावे लागतात. पुष्कळदा ती हप्त्याचे विचारते आणि तिची अडचण असते दिराने लपवलेल्या पासबुकाची.

अशा कामाची किंमत आपल्याकडे काय आहे, हे पाहायचे तर ग्रामपंचायतींतील संगणक परिचालकांकडे पाहावे. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून गावोगाव संगणक आणि त्यांच्यामागे एक एक मुलगा किंवा मुलगी बसवण्यात आली. पुढे २०१६ पासून तीच ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ झाली. जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टीचे उतारे, घरकुलाच्या याद्या, आणि वरून कोणतीही नवी योजना आली की तिचे पहिले ओझे, हे सारे या परिचालकांनी वाहिले. त्यांना पगार नाही, ‘मानधन’ मिळते. आणि ते कित्येक वर्षे महिना सात हजारांच्या आसपास राहिले, तेही अनेकदा महिनोन्महिने थकून. मुंबईच्या आझाद मैदानावर आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर त्यांची आंदोलने वर्षानुवर्षे चालली. मागणी एकच: आम्हाला ग्रामपंचायतीचे कर्मचारी समजा. आमच्या गावचा परिचालक बी.कॉम. आहे. गावातील प्रत्येक घराचे गुपित त्याच्या संगणकात आहे, आणि त्याचे नाव मात्र कोणत्याच हजेरीपटावर नाही. मान आणि धन हे दोन शब्द एकत्र आणून त्यांतले एकही पुरते न देण्याची ही युक्ती कोणी शोधून काढली असेल, याचे मला कुतूहल आहे.

म्हणून वर्गातल्या दोन्ही तटांपेक्षा माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आमच्याकडे काम संपणार नाही. यंत्रे वाढतील तशी यंत्र आणि माणूस यांच्यामधली फट वाढेल, आणि त्या फटीत कोणीतरी उभे राहावेच लागेल. संपत चालली आहे ती नोकरी. म्हणजे ठरलेला पगार, ठरलेले तास, आणि आज खालच्या पायरीवर असलो तरी उद्या वरच्या पायरीवर जाऊ हा भरवसा. मोजता येणारे सोपे काम यंत्राने नेले, आणि मोजता न येणारे अवघड काम उरले. पण पगार तर मोजता येणाऱ्या कामाचाच मिळत होता!

जगातही काही वेगळे घडत नसावे. स्वीडनच्या क्लार्ना या पैशांच्या व्यवहारातील कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले होते, की तिचा यांत्रिक सहायक सातशे माणसांचे मदतकाम करतो. २०२५ मध्ये तिच्याच प्रमुखांनी सांगितले, की गिऱ्हाइकाला हवे तेव्हा माणूस भेटला पाहिजे, म्हणून आम्ही पुन्हा माणसे घेतो आहोत. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सीने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार माणसे, म्हणजे एकंदर मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. ही बातमी वाचून आमच्या वर्गातल्या तिघांनी संगणकाचा वर्ग सोडला. घाई केली असे मला वाटते. पण त्यांना अडवायला माझ्याकडे आकडे नव्हते आणि आजही नाहीत.

मला अधिक काळजी वाटते ती पायरीची. मी हे काम शिकले ते विंडोज टाकून टाकून. पहिले चार महिने मालकांनी मला दुसरे काही करू दिले नाही. शंभर संगणकांवर तेच तेच काम करताना कान तयार झाला. हार्ड डिस्कच्या खरखरीतून ती किती दिवसांची सोबती आहे ते कळू लागले. सुरू होताना संगणक किती वेळा ‘पीं’ करतो त्यावरून रॅम की डिस्प्ले ते कळू लागले. आता नव्या यंत्रांत डिस्क बिनआवाजाची, कित्येक लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच चिकटवलेली, आणि सॉफ्टवेअर आपले आपण दुरुस्त होणारे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या संगणकांत टी.पी.एम. नावाची सुरक्षेची चिप नाही ते विंडोज ११ ला पात्र ठरत नाहीत. अशांचा ढीग दुकानात लागला आहे. त्यांतले काही आम्ही लिनक्स टाकून शाळांच्या कामाजोगे करून देतो. हे काम मला जमते, कारण मी ती शंभर यंत्रे हाताळली. माझ्यानंतर येणारी मुलगी कोणत्या शंभर यंत्रांवर शिकेल? मावसभावाच्या कंपनीला दहा वर्षांनी दुसऱ्या पायरीची माणसे लागतीलच. पहिल्या पायरीवर कोणी उभेच राहिले नसेल, तर ती आणणार कोठून?

आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नात काय करता येईल, असे सरांनी मला हा लेख वाचून विचारले. मला एक साधी गोष्ट सुचते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी नाली खोदतो, झाडे लावतो. एखाद्या वर्षी गावात अर्जाच्या रांगेशी आठ दिवस बसावे, आणि यंत्र कोणाला, कोणत्या चौकटीपाशी अडवते याची नोंद करावी. अर्थशास्त्राला त्यात प्रकल्प मिळेल, मराठीला बोलीचे शब्द मिळतील, आणि ती वही तहसील कार्यालयात नेऊन देता येईल. कॉलेजने मनावर घेतले तर दुकानातून सुट्टी काढून मी येईन.

येत्या जूनपासून दुकानात तिघांऐवजी दोघेच राहू, असे मालकांनी सांगितले आहे. तिसरे कोण, ते अजून ठरलेले नाही. भिंतीवर शासनाने ठरवून दिलेला दरफलक आहे: उत्पन्नाचा दाखला इतके, रहिवासी दाखला इतके, झेरॉक्सचे इतके. परवा दुकान बंद करताना मी मालकांना म्हटले, ‘‘दिवसभरात आपला निम्मा वेळ समजावून सांगण्यातच जातो. त्याचे किती लावायचे, ते यावर लिहिलेलेच नाही.’’ ते शटर ओढता ओढता थांबले आणि म्हणाले, ‘‘त्याचे कोण देते, बाई? ते तर आपण असेच करतो.’’